व्यसनमुक्तीचे समुपदेशन, व्यावसायिक नीती आणि निरंतर शिक्षण

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या समुपदेशकाचे शिक्षण पदवी हाती पडताच संपत नाही, हे तत्त्व आता सर्वमान्य झाले आहे. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत समुपदेशकाचा परवाना ठरावीक मुदतीचा असतो, व त्या मुदतीत विहित तासांचे निरंतर शिक्षण पुरे केल्यावाचून तो नूतन होत नाही. उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियात ही मुदत दोन वर्षांची असून तीत ३६ तासांचे शिक्षण घ्यावे लागते. त्यांपैकी ६ तास कायदा आणि व्यावसायिक नीती या विषयांसाठी राखून ठेवलेले असतात. भारतातही १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमाखाली ज्यांची नोंदणी होते, त्या चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी अशा शिक्षणाचा पुरावा द्यावा लागतो.

तास मोजणे सोपे असते. त्या तासांनी समुपदेशकाच्या प्रत्यक्ष वर्तनात काही पालट होतो की नाही, हे पाहणे मात्र कठीण असते. हा प्रश्न समुपदेशनाच्या सर्वच शाखांना लागू असला, तरी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात तो विशेष तीव्रतेने उभा राहतो. तेथे शास्त्रीय ज्ञान, संभाषणाचे कौशल्य आणि व्यावसायिक नीती यांची फारकत करता येत नाही. एकात चूक झाली की ती तिहींत झालेली असते. ही फारकत का करता येत नाही, आणि तीवरून निरंतर शिक्षणाचे स्वरूप कसे असावे याविषयी काय निष्पन्न होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रश्नाची व्याप्ती

केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या वतीने अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या व्यसनोपचार केंद्राने एक देशव्यापी पाहणी केली, व तिचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वर्षे वयाच्या लोकसंख्येपैकी १४.६ टक्के लोक, म्हणजे सुमारे १६ कोटी, मद्यसेवन करतात. आणि ज्यांना मद्याच्या संदर्भात साहाय्याची गरज आहे अशांची संख्या ५.७ कोटींहून अधिक भरते. याच अहवालातील दुसरा आकडा अधिक विचार करावयास लावणारा आहे. मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ व्यक्तींपैकी केवळ एकीला कोणत्या ना कोणत्या प्रकारचा उपचार मिळाल्याचे आढळून आले.

जे थोडे लोक उपचारापर्यंत पोहोचतात, त्यांच्याशी सर्वांत अधिक काळ बोलतो तो समुपदेशक. मनोविकारतज्ज्ञाची भेट काही मिनिटांची असते. समुपदेशकाची आठवड्यामागून आठवडे चालते. घरात काय घडले, पैसा कोठून आला, कोणावर हात उगारला, नोकरीवर कोणत्या अवस्थेत गेलो, हे सर्व त्याच्यापुढे उघड होते. परंतु १९८७ चा कायदा रद्द करून आलेल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमात नोंदणीस पात्र अशा व्यावसायिकांत चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ, मानसिक आरोग्य परिचारिका आणि मनोविकार-सामाजिक कार्यकर्ता यांचा नामनिर्देश आहे. समुपदेशकाचा स्वतंत्र निर्देश नाही. सहयोगी आरोग्य व्यवसायांसंबंधी २०२१ साली झालेल्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याच्या परिशिष्टात मात्र समुपदेशकांच्या काही वर्गांचा समावेश करण्यात आला आहे. ज्याच्या हाती इतके विश्वासाचे धन येते, त्याच्या शिक्षणाचा विचार म्हणूनच केवळ औपचारिक राहत नाही.

स्वानुभव आणि व्यवसाय

व्यसनमुक्तीच्या समुपदेशनाचा इतिहास अन्य शाखांहून निराळा आहे. १९३५ मध्ये अमेरिकेतील अॅक्रन येथे ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ या चळवळीचा उगम झाला, तो दोन मद्यासक्त व्यक्तींच्या परस्परसंवादातून. पुढे मिनेसोटा राज्यातील विल्मर येथील शासकीय रुग्णालयात आणि १९४९ मध्ये सुरू झालेल्या हेझल्डन या संस्थेत, स्वतः व्यसनमुक्त झालेल्या व्यक्तींना उपचारपथकात स्थान मिळाले. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण या केंद्रातही व्यसनातून बाहेर पडलेल्या अनेक व्यक्ती कार्यकर्ते म्हणून काम करीत आल्या आहेत.

स्वानुभवी समुपदेशकाचे सामर्थ्य उघड आहे. त्याच्यापुढे रुग्णाला आपल्या लज्जेचे समर्थन करावे लागत नाही, आणि सुटका शक्य आहे याचा जिवंत पुरावा तो समोर पाहत असतो. परंतु याच सामर्थ्यातून काही नैतिक पेच उत्पन्न होतात. दिवसा ज्याला समुपदेशन केले, तोच रुग्ण सायंकाळी त्याच गटसभेत शेजारी येऊन बसला, तर त्या सभेत समुपदेशकाने स्वतःचे दुबळेपण बोलून दाखवावे काय? स्वतःची कहाणी रुग्णाला सांगताना ती रुग्णाच्या हितासाठी सांगितली जात आहे की आपले मन हलके करण्यासाठी, हे त्याने कसे ओळखावे? आणि तो स्वतःच पुन्हा व्यसनाकडे घसरला, तर ही गोष्ट कोणास, केव्हा सांगावयाची?

व्यवसायाच्या लिखित संहिता अशा प्रसंगी मर्यादितच उपयोगी पडतात. अमेरिकन कौन्सेलिंग असोसिएशनच्या २०१४ च्या संहितेने पूर्वीच्या रुग्णाशी प्रणयसंबंध ठेवण्यास शेवटच्या व्यावसायिक संपर्कापासून पाच वर्षेपर्यंत मनाई केली आहे. हा नियम स्पष्ट असून तो पाठ करता येतो. परंतु रुग्णाच्या मुलीच्या लग्नाला जावे की न जावे, त्याने दिलेला पेढ्यांचा पुडा घ्यावा की न घ्यावा, एकाच गावात राहत असता बाजारात भेट झाल्यास ओळख द्यावी की न द्यावी, हे प्रश्न अशा एका ओळीच्या नियमाने सुटत नाहीत. त्यांचा निर्णय प्रसंग, हेतू आणि परिणाम यांचा विचार करूनच घ्यावा लागतो, आणि असा विचार करण्याची सवय अभ्यासानेच जडते.

बदलणारे ज्ञान

समुपदेशक ज्या ज्ञानाच्या आधारे काम करतो, ते ज्ञानही स्थिर नाही. १९८० मध्ये अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या वर्गीकरणाने मादक द्रव्यांचा ‘गैरवापर’ आणि त्यांवरील ‘अवलंबन’ असे दोन वेगळे प्रकार मानले होते. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत हा भेद काढून टाकण्यात आला, आणि ११ निकषांपैकी किती लागू पडतात यावरून सौम्य, मध्यम व तीव्र अशा पायऱ्या ठरविण्यात आल्या. जुन्या वर्गीकरणावर शिकलेला समुपदेशक रुग्णाविषयी जी भाषा वापरील, ती आजच्या निदानाशी जुळणार नाही.

पुन्हा व्यसनाकडे वळण्यासंबंधीची दृष्टीही अशीच पालटली. पूर्वी हा निश्चयाचा पराभव मानला जाई. मार्लाट आणि गॉर्डन यांनी १९८५ मध्ये या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध करून, विशिष्ट प्रसंग, विशिष्ट मनःस्थिती आणि एका चुकीनंतर येणारी ‘आता सर्वच गेले’ ही भावना यांची साखळी उलगडून दाखविली. २००० साली मॅक्लेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यसनाधीनतेची तुलना मधुमेह, उच्च रक्तदाब व दमा या दीर्घकालीन विकारांशी करून असे दाखविले की, उपचारानंतर विकार उलटण्याचे आणि पथ्य मोडण्याचे प्रमाण या सर्वांत बरेचसे सारखे आहे. मधुमेहाच्या रुग्णाची साखर वाढली म्हणून त्याला कोणी रुग्णालयातून घालवून देत नाही. व्यसनी रुग्णाला मात्र एकदा प्याल्याबद्दल केंद्रातून काढून टाकण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी होती. तुलनेच्या या प्रकाशात ती प्रथा केवळ जुनाट ठरत नाही. गरजेच्या क्षणी रुग्णाचा त्याग करणारी म्हणून ती अनैतिकही ठरते. ज्ञान जुने झाले की नीतीलाही कशी बाधा येते, याचे हे उदाहरण होय.

औषधोपचाराच्या बाबतीतही असेच घडते. अफूवर्गीय द्रव्यांच्या व्यसनावर मेथाडोन या औषधाचा उपयोग डोल आणि निसवान्डर यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे ब्यूप्रेनॉर्फिन हे औषध आले, आणि आज भारतातही ते वापरात आहे. तरीही ‘एका व्यसनाच्या जागी दुसरे’ असे सांगून रुग्णाला औषध सोडावयास लावणारे समुपदेशक आढळतात. औषध सोडल्यावर शरीराची सहनशक्ती घटते, आणि त्या स्थितीत रुग्णाने पूर्वीच्याच मात्रेत द्रव्य घेतले तर त्याच्या प्राणावर बेतते. अशा वेळी समुपदेशकाचे अज्ञान ही त्याची खाजगी उणीव राहत नाही.

कठोरपणाची परीक्षा

कौशल्य आणि नीती यांची एकरूपता एका अभ्यासावरून विशेष स्पष्ट होते. व्यसनी मनुष्य सत्य नाकारतो, म्हणून त्याचा नकार कठोर शब्दांनी मोडला पाहिजे, ही समजूत अमेरिकेत दीर्घकाळ प्रबळ होती. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या सिनॅनन या संस्थेत गटासमोर रुग्णाची निर्भर्त्सना करणे हीच उपचारपद्धती मानली गेली. विल्यम मिलर, बेनिफील्ड आणि टोनिगन यांनी १९९३ मध्ये मद्यपानाने पीडित व्यक्तींच्या मुलाखतींचे दोन शैलींत विश्लेषण केले. कठोर शैलीत रुग्णाचा विरोध वाढलेला दिसला. आणि मुलाखतीत समुपदेशकाने जितका अधिक प्रतिवाद केला, तितके एका वर्षानंतर रुग्णाचे मद्यपान अधिक आढळले. या संबंधात कारण कोणते व कार्य कोणते याविषयी सावध राहणे इष्ट असले, तरी कठोरपणा हितकर असतो या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही, एवढे निश्चित. मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेली आणि पुढे रोलनिक यांच्या सहकार्याने विकसित झालेली प्रेरणाप्रधान मुलाखतीची पद्धती याच विचारातून पुढे आली. रुग्णाने स्वतःच्या तोंडून परिवर्तनाची कारणे बोलावीत, आणि समुपदेशकाने ती ऐकून पुढे न्यावीत, हे तिचे सार आहे.

रुग्णाचा मान राखणे हा नीतीचा नियम. रुग्णाला ऐकून घेणे हे कौशल्य. एकच वर्तन दोन्ही बाजूंनी योग्य ठरते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

गोपनीयतेचा पेच

गोपनीयतेच्या बाबतीत हा संबंध सर्वांत गुंतागुंतीचा होतो. एक काल्पनिक प्रसंग घ्यावा. प्रवासी बसचा एक चालक स्वेच्छेने व्यसनमुक्ती केंद्रात येतो. तिसऱ्या भेटीत तो सांगतो की, पहाटेच्या फेरीपूर्वी हात कापू नयेत म्हणून तो थोडी घेतो. नोकरी गेली तर घर बुडेल, म्हणून ही गोष्ट कोणास कळू नये, अशी त्याची विनवणी आहे. समुपदेशकाने काय करावे?

अमेरिकेत १९७० आणि १९७२ च्या कायद्यांनी व्यसनोपचाराच्या नोंदींना अन्य वैद्यकीय नोंदींपेक्षाही कडक संरक्षण दिले, व १९७५ मध्ये त्यांखालील नियम अमलात आले. उपचाराला गेलो तर नोकरी जाईल किंवा खटला होईल, या भीतीने लोक उपचारच टाळतील, हा त्यामागील हेतू होता. रुग्णाची संमती, न्यायालयाचा विशेष आदेश, वैद्यकीय आणीबाणी, बालकावरील अत्याचाराची सूचना असे मोजकेच अपवाद या नियमांत आहेत. १९७६ च्या टॅरासॉफ खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने धोक्यात असलेल्या व्यक्तीच्या रक्षणाचे कर्तव्य मानसोपचारकांवर लादले. परंतु व्यसनोपचाराच्या नियमांत अशा धोक्याच्या सूचनेसाठी स्वतंत्र अपवाद नाही. त्यामुळे तेथील समुपदेशकाला चालकाची संमती मिळवावी लागेल, न्यायालयाकडे जावे लागेल, किंवा तो उपचार घेत आहे हे उघड होणार नाही अशा रीतीनेच काही करावे लागेल. हे नियमही स्थिर राहिले नाहीत. २०२० च्या कायद्याला अनुसरून २०२४ मध्ये त्यांत मोठा बदल झाला, आणि उपचार, देयके व रुग्णालयीन व्यवहार यांसाठी पुढील सर्व काळाकरिता एकच संमती घेण्याची मुभा मिळाली. रुग्णाविरुद्धच्या खटल्यात त्याच्या नोंदी वापरण्यावरील निर्बंध मात्र कायम ठेवण्यात आला.

भारतातील उत्तर निराळे आहे. २०१७ च्या अधिनियमात मद्य व मादक द्रव्ये यांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा मानसिक आजाराच्या व्याख्येत समावेश आहे, आणि कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. परंतु दुसऱ्या व्यक्तीला इजा होऊ नये म्हणून, आणि त्या रक्षणासाठी आवश्यक तेवढीच माहिती देण्याची मोकळीक याच कलमात आहे. ‘आवश्यक तेवढीच’ या दोन शब्दांत सारी कसोटी साठवली आहे. चालकाला फेरीपासून दूर ठेवण्यास पुरेल एवढे सांगणे आणि त्याची संपूर्ण कहाणी मालकापुढे वाचून दाखविणे, यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. त्याही आधी, चालकानेच रजा मागावी, वैद्याने त्याच्या कंपावर योग्य उपचार करावा, या मार्गाने त्याचे मन वळविण्याचा प्रयत्न करणे समुपदेशकाचे कर्तव्य ठरते. हे मन वळविणे पुन्हा कौशल्याचेच काम होय.

आपल्याकडे कुटुंबाचा प्रश्न आणखी वेगळा असतो. रुग्णाला बहुधा पत्नी, वडील किंवा भाऊ घेऊन येतात. खर्चही तेच करतात, आणि ‘तो तुमच्याशी काय बोलला?’ असे हक्काने विचारतात. अधिनियमाने माहिती मिळविण्याचा अधिकार नामनिर्देशित प्रतिनिधीला दिला आहे, सर्व आप्तांना नाही. आणि सज्ञान रुग्णाला हा प्रतिनिधी स्वतः निवडता येतो. म्हणून पहिल्याच भेटीत, सर्वांच्या समक्ष, कोणाला काय सांगितले जाईल व काय सांगितले जाणार नाही हे स्पष्ट करणे हिताचे असते. काही बाबतींत मौन राखण्याची मुभाच नसते. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास २०१२ च्या बालसंरक्षण कायद्याने ती माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक केले आहे. ही मर्यादा रुग्णाला आरंभीच सांगितलेली नसेल, तर पुढे त्याला तो विश्वासघात वाटेल.

मादक द्रव्यांच्या बाबतीत कायद्याचा धाक अधिक असतो. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी अधिनियमाने सेवनही दंडनीय ठरविले आहे. परंतु त्यातील कलम ६४-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प मात्रेसंबंधीचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने शासकीय वा शासनमान्य केंद्रात स्वेच्छेने उपचार घेतल्यास तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार पूर्ण न केल्यास हे संरक्षण काढून घेतले जाऊ शकते. म्हणजे ‘उपचार पूर्ण’ किंवा ‘उपचार अर्धवट’ हा समुपदेशकाच्या वहीतील साधा शेरा एखाद्या तरुणाला तुरुंगाच्या दारी नेऊ शकतो. ज्याला हे कलम ठाऊक नाही, त्याच्या हातून हा शेरा सहज लिहिला जाईल.

कार्यशाळा आणि प्रत्यक्ष काम

हे सर्व शिकवावयाचे कसे? याविषयी मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग उद्बोधक आहे. व्यसनोपचाराच्या क्षेत्रातील १४० परवानाधारक व्यावसायिकांचे यादृच्छिक पद्धतीने पाच गट करण्यात आले. पहिल्याला केवळ कार्यशाळा मिळाली. दुसऱ्याला कार्यशाळेनंतर प्रत्यक्ष कामाच्या ध्वनिमुद्रणावर अभिप्राय. तिसऱ्याला कार्यशाळेनंतर वैयक्तिक मार्गदर्शन. चौथ्याला अभिप्राय व मार्गदर्शन दोन्ही. आणि पाचवा गट प्रथम स्वतःच्या बळावर अभ्यास करीत राहिला. पुढे बारा महिन्यांपर्यंत त्यांच्या मुलाखतींची ध्वनिमुद्रणे तपासण्यात आली. कार्यशाळा मिळालेले चारही गट पाचव्याहून पुढे गेले, आणि अभिप्राय वा मार्गदर्शन यांची जोड मिळताच कौशल्य अधिक वाढले. सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष मात्र दुसराच होता. आपण किती कुशल झालो आहो याविषयी या व्यावसायिकांचे स्वतःचे मत आणि ध्वनिमुद्रणात दिसलेले त्यांचे कौशल्य, यांत काहीच संबंध आढळला नाही.

या निष्कर्षाचे परिणाम दूरगामी आहेत. निरंतर शिक्षणाच्या अखेरीस सामान्यतः एक प्रश्नपत्रिका दिली जाते, आणि ‘या वर्गाचा आपणांस किती लाभ झाला?’ असे विचारले जाते. शिकणाऱ्याचे स्वतःविषयीचे मत जर इतके अविश्वसनीय असेल, तर अशा पत्रिकेवर आधारलेले प्रमाणपत्र उपस्थितीची साक्ष देते, योग्यतेची नव्हे. नीतीच्या बाबतीत हा धोका अधिक संभवतो, कारण आपण नीतिमान आहो असे बहुतेकांस प्रामाणिकपणे वाटत असते.

यावरून निरंतर शिक्षणाची काही लक्षणे निश्चित करता येतात. पहिले, त्याने समुपदेशकाच्या प्रत्यक्ष मुलाखतीपर्यंत पोहोचले पाहिजे. ध्वनिमुद्रणासाठी रुग्णाची लेखी संमती घ्यावी लागेल, नकार दिल्यास उपचारात उणे पडणार नाही अशी हमी द्यावी लागेल, आणि मुद्रण केव्हा नष्ट होईल हेही सांगावे लागेल. ही संमती घेणे हाच नीतीचा पहिला पाठ ठरेल. दुसरे, अभिप्राय एकदाच न देता काही महिने पुनःपुन्हा दिला पाहिजे. तिसरे, नीती हा शेवटच्या तासाचा वेगळा विषय न राहता प्रत्येक प्रसंगाच्या चर्चेत यावा. वर दिलेला बसचालकाचा प्रसंग आठ-दहा समुपदेशकांच्या गटात मांडला, तर निदान, कंपावरील औषध, कलम २३, मन वळविण्याची भाषा आणि प्रवाशांचे प्राण हे सर्व विषय एकाच तासात उपस्थित होतात. चौथे, स्वानुभवी समुपदेशकाला आपल्या घसरणीविषयी निर्भयपणे बोलता येईल असे वरिष्ठ मार्गदर्शन उपलब्ध असावे. ही गोष्ट कळताच त्याची नोकरी जाणार असेल, तर तो ती लपवील, आणि तिची किंमत रुग्णाला मोजावी लागेल.

विद्यापीठीय विभागांना हे काम अशक्य नाही. त्यासाठी मोठ्या सभागृहाची आवश्यकता नाही. महिन्यातून एकदा भरणारी छोटी अभ्यासमंडळी, संमतीने मिळविलेली काही ध्वनिमुद्रणे आणि परखड परंतु स्नेहपूर्ण अभिप्राय देऊ शकणारा एक अनुभवी मार्गदर्शक एवढी सामग्री पुरेशी आहे. मराठीतून होणाऱ्या मुलाखतींचे विश्लेषण मराठीतूनच झाले पाहिजे, हेही सांगावयास हवे. रुग्ण ‘सोडीन म्हणतो’ असे म्हणतो तेव्हा त्यात निश्चय किती आणि टाळाटाळ किती, हे अनुवादित पाठ्यपुस्तकावरून उमगणार नाही.

अडतिसांतून एक जण उपचाराच्या दारी येतो. तो येतो तेव्हा त्याने आपली लाज बाजूस ठेवलेली असते, आणि पुष्कळदा हीच त्याची अखेरची खेप असते. त्याचे पुढे काय होणार, हे समुपदेशकाने मागील वर्षी किती तास हजेरी लावली यावर अवलंबून नाही. त्या पहिल्या अर्ध्या तासात तो काय ऐकतो, काय बोलतो आणि काय मनात ठेवतो यावर अवलंबून आहे. निरंतर शिक्षणाची परीक्षा त्या अर्ध्या तासातच होत असते.